गुळाच्या सौद्यात भाव नेमका कशाने ठरतो? मोजायचं कसं, यावर चर्चा

काहिलकाठ

एकाच गावचा गूळ, एकाच आठवड्यात काढलेला, रंगाला सारखा. तरी कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात एका थप्पीला क्विंटलमागे दीडशे-दोनशे रुपये जास्त मिळतात आणि शेजारच्या थप्पीला मिळत नाहीत. कारण विचारलं की चार उत्तरं येतात. माल आतून कसा होता, उभे खरेदीदार किती होते, सौदा त्या थप्पीपाशी कितव्या नंबरला पोचला आणि शेतकऱ्याला पैशाची नड किती होती. चारही उत्तरांत तथ्य असणार. पण कशाचा वाटा किती, हे आकड्यात मांडता आलं तर बाजार समिती, अडते आणि शेतकरी तिघांपुढे काहीतरी ठोस ठेवता येईल.

येत्या हंगामात दोन-तीन माणसांच्या बळावर होईल असा अभ्यास आखायचा आहे. जुन्या हिशेबपट्ट्या गोळा करून भागेल, की सौद्याच्या जागी काही बदल करून बघावा लागेल? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

आकडेमोड

नुसत्या पट्ट्यांवर भागणार नाही. पट्टीवर वजन, दर, हमाली, तोलाई, अडत एवढंच असतं. चांगला माल काढणारा शेतकरी नावाजलेल्या अडत्याकडे जातो आणि त्याच अडत्याकडे खरेदीदारही जास्त थांबतात. पट्ट्यांत मग 'खरेदीदार जास्त तिथे भाव जास्त' असं दिसणार, पण मुळात दोन्ही गोष्टी मालामुळे घडलेल्या असतील. या गाठी सोडवायला काहीतरी चिठ्ठ्या टाकून ठरवावं लागतं.

सगळ्यात स्वस्त आणि कुणाच्या पोटावर न येणारी गोष्ट म्हणजे सौद्याचा क्रम. अर्थतज्ज्ञ ऑर्ली ॲशनफेल्टर यांनी १९८९ साली वाइनच्या लिलावांची आकडेवारी तपासली. तीच वाइन, तेवढ्याच बाटल्या, त्याच दिवशी पाठोपाठ विकल्या, तर दुसऱ्या लॉटचा भाव वाढण्यापेक्षा पडण्याचंच प्रमाण जास्त निघालं. यार्डात हे होतं का, ते बघायला एवढं करा:

सकाळी आवक नोंदली की त्या अडत्याच्या सगळ्या थप्प्यांना नंबर द्या. चिठ्ठ्या काढून क्रम ठरवा आणि खडूने थप्पीवर लिहा. सौदा संपला की प्रत्यक्ष क्रमही लिहून ठेवा, कारण कुणीतरी आपल्या जुन्या गिऱ्हाइकाची थप्पी पुढे सरकवणार, हे धरूनच चाला. हिशोब मात्र चिठ्ठीतल्या क्रमावरच करायचा. प्रत्यक्ष क्रमावर केलात तर पुढे सरकवलेला चांगला माल पुन्हा निकालात शिरतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

गुऱ्हाळघर

किती लॉट लागतील? दोनशे नोंदींवर निष्कर्ष काढलेले अहवाल वाचलेत, पटले नाहीत.

आकडेमोड

ढोबळ सूत्र असं: प्रत्येक गटात लागणारे लॉट = १६ × (भावातल्या चढउताराचा वर्ग) ÷ (पकडायच्या फरकाचा वर्ग). यात पाच टक्के सार्थकता पातळी (म्हणजे फरक नसताना तो आहे असं वाटण्याची शक्यता) आणि खरा फरक असेल तर तो सापडण्याची ८० टक्के शक्यता धरलेली आहे.

समजा एकाच प्रतीत दराचं प्रमाणित विचलन (सरासरीच्या वरखाली होण्याचं माप) ३०० रुपये आहे आणि ६० रुपयांचा फरक पकडायचा आहे. १६ × ९०,००० ÷ ३,६०० = ४००. म्हणजे प्रत्येक गटात ४०० लॉट.

लोक इथेच थांबतात आणि फसतात. एका दिवसाचे सगळे लॉट एकमेकांना चिकटलेले असतात. गुजरातची मागणी आली की सगळेच चढतात, पाऊस झाला की सगळेच पडतात. दिवसाला २० लॉट आणि चढउतारातला पाचवा हिस्सा दिवसामुळे येतो असं धरा. मग 'सोमवारी जुनी पद्धत, मंगळवारी नवी' अशी आखणी केलीत तर संख्या १ + १९ × ०.२ = ४.८ पटीने वाढवावी लागते. प्रत्येक गटात १,९२० लॉट, म्हणजे ९६ दिवस. दोन्ही गट मिळून १९२ दिवस. एका हंगामात हे बसत नाही.

उलट एकाच दिवशी अर्धे लॉट एका पद्धतीत आणि अर्धे दुसऱ्या पद्धतीत चिठ्ठीने टाकलेत, तर दिवसाचा परिणाम दोन्हीकडे सारखा बसून वजा होतो. चढउताराचा वर्ग, म्हणजे विचरण, ९०,००० होतं; त्यातला दिवसाचा पाचवा हिस्सा गेला की उरतं ७२,०००. १६ × ७२,००० ÷ ३,६०० = ३२०. दोन्ही गट मिळून ६४० लॉट, म्हणजे ३२ दिवस. प्रश्न तोच, माणसं तीच, पण आखणी बदलली की १९२ दिवसांचं काम ३२ दिवसांत होतं. सुरुवातीला आठवडाभर फक्त नोंदी घ्या आणि माझे ३०० आणि ०.२ हे आकडे तुमच्या खऱ्या आकड्यांनी बदला.

पंचगंगातीर

क्रमाचं ठीक आहे, पण माझ्या मते मुख्य मुद्दा मालाच्या माहितीचा आहे. जरा लांबण लावतो.

खरेदीदार गूळ खायला घेत नाही, पुढे विकायला घेतो. त्या थप्पीची पुढच्या बाजारातली किंमत सगळ्यांसाठी जवळजवळ एकच असते, फक्त ती आज कुणालाच नक्की ठाऊक नसते. रवा (गुळाची ढेप) वरून बघून, कोपरा फोडून, चव घेऊन प्रत्येकजण आपापला अंदाज बांधतो. अशा लिलावात ज्याचा अंदाज सगळ्यात फुगलेला असतो, तोच जिंकतो. केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तीन इंजिनिअरांनी १९७१ साली समुद्रातल्या तेलपट्ट्यांच्या लिलावांबद्दल हेच दाखवलं होतं. याला 'विजेत्याचा शाप' म्हणतात.

आकड्यात बघा. खरी किंमत ४,००० आणि प्रत्येकाचा अंदाज ३,८०० ते ४,२०० च्या दरम्यान कुठेही पडू शकतो. खरेदीदार तीन असतील तर सर्वांत मोठा अंदाज सरासरीने ४,१०० निघतो, सात असतील तर ४,१५०. बंद लिफाफ्यात कुणी आपला अंदाज तसाच लिहिला तर तो जिंकेल आणि क्विंटलमागे १०० ते १५० रुपये घालवेल. मुरलेला व्यापारी म्हणून बोली खाली धरतो. किती खाली, ते अंदाजातल्या अनिश्चिततेवर अवलंबून असतं. अनिश्चितता ४०० रुपयांच्या पट्ट्यावरून १०० च्या पट्ट्यावर आणा, तेवढी काटछाट आपोआप कमी होते आणि तो पैसा शेतकऱ्याकडे जातो.

पॉल मिलग्रॉम आणि रॉबर्ट वेबर यांनी १९८२ साली हे सिद्धांताच्या भाषेत मांडलं. विकणाऱ्याने मालाची खात्रीची माहिती नेहमी उघड करायचं धोरण ठेवलं तर सरासरीने त्याला भाव जास्तच मिळतो. खुल्या चढत्या बोलीत बंद बोलीपेक्षा भाव जास्त का मिळतो, याचंही उत्तर त्यातच आहे. खुल्या बोलीत दुसरा कुठल्या आकड्याला थांबला ते दिसतं, म्हणजे त्याच्या डोळ्यांनीही माल बघून होतो. (मिलग्रॉम आणि रॉबर्ट विल्सन यांना २०२० चं नोबेल लिलावांवरच्या कामासाठीच मिळालं.)

म्हणून गुळाचे सौदे ऑनलाइन घ्यावेत की ऑफलाइन, हा वाद मला दुय्यम वाटतो. खरेदीदाराने माल हाताळलेला नाही आणि पडद्यावर प्रतीची खात्रीही नाही, अशा ठिकाणी बंद बोली लावली तर तो स्वतःला सांभाळूनच आकडा टाकणार. मग खापर संगणकावर फुटतं.

गुऱ्हाळघर

हे तंतोतंत पटलं. गुळात फसगत रंगातच होते. हायड्रॉस (रंग उजळवणारी गंधकयुक्त पावडर) टाकला की गूळ पिवळाधमक दिसतो, पण तो रंग टिकत नाही, साठवणीत काळवंडत जातो. खरेदीदाराला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून पिवळा माल दिसला की तो मनातल्या मनात थोडी रक्कम कापून ठेवतो, आणि ज्याने भेंडीच्या रसावर, चुन्याचं माप सांभाळून खरोखर चांगला रंग काढला त्याचीही तेवढीच रक्कम कापली जाते. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली जुन्या गाड्यांबद्दल लिहिलं तेच इथे लागू पडतं. फरक ओळखता येत नसेल तर चांगल्याला वाईटाच्या सरासरीत बसावं लागतं आणि हळूहळू चांगलं करणारा ते करायचं सोडतो.

व्यवहारातली अडचण सांगतो. गंधकाची, म्हणजे सल्फर डायऑक्साइडची मर्यादा गुळाला ७० पीपीएम (दहा लाख भागांत ७० भाग) आहे. त्याची प्रयोगशाळेतली तपासणी सौद्याच्या वेळेत होत नाही. म्हणून प्रत्येक लॉटमागे लागू नका. ओलावा प्रत्येक लॉटचा मोजा. गंधकासाठी गुऱ्हाळ हा घटक धरा: आदल्या संध्याकाळी उतरलेल्या मालातून चिठ्ठीने नमुने उचला आणि त्या गुऱ्हाळाचा आधीचा निकाल पुढच्या लॉटवर लावा. नमुना रव्याच्या वरून घेऊ नका. मधून घ्या, कमीत कमी तीन रव्यांचा, एकत्र कुटून, हवाबंद बरणीत. उघडा ठेवलात तर ओलाव्याचा आकडा खोटा येतो.

तोलाई

थोडा विरोध नोंदवतो. 'माहिती द्या, भाव वाढेल' हे आपल्याच राज्यात फोल ठरलेलं आहे. मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिंटेन यांनी महाराष्ट्रातल्या १०० गावांत प्रयोग केला होता, २०१२ साली प्रसिद्ध झाला. शेतकऱ्यांना मोबाइलवर बाजारभाव आणि हवामानाचे संदेश वर्षभर दिले. मिळालेल्या भावात सार्थ फरक पडला नाही. बंगालमध्ये बटाटा उत्पादकांना रोजचे घाऊक भाव कळवले, तिथेही सरासरी भाव हलला नाही.

पंचगंगातीर

तोलाईदादा, आक्षेप बरोबर जागी आहे. पण त्या प्रयोगांत *भावाची* माहिती *शेतकऱ्याला* दिली होती. इथे *मालाची* माहिती *खरेदीदाराला* द्यायचं चाललंय. दोन्हींचा रस्ता वेगळा.

भावाची माहिती कधी कामाला येते ते केरळात दिसलं. रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ साली मच्छीमारांवरचा अभ्यास छापला. १९९७ ते २००१ दरम्यान किनाऱ्यावर मोबाइल पोचले आणि होडी समुद्रात असतानाच कुठल्या बंदरात भाव आहे ते विचारता येऊ लागलं. मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्के वाढला, गिऱ्हाइकाला मासळी ४ टक्के स्वस्त पडली आणि मासळी फेकून देणं जवळजवळ थांबलं. कारण होडीचं तोंड दुसरीकडे वळवता येत होतं. बंगालच्या बटाटेवाल्याला गावातल्या व्यापाऱ्याशिवाय दार नव्हतं, मग भाव कळून उपयोग काय?

मध्य प्रदेशातल्या सोयाबीनचं उदाहरण दोन्हींच्या मधलं आहे. एका कंपनीने गावोगावी इंटरनेट केंद्रं काढली, त्यांवर भाव दिसायचा, मालाची तपासणी व्हायची आणि कंपनी स्वतः खरेदीही करायची. अपराजिता गोयल यांच्या २०१० च्या अभ्यासात मंडईतला भाव १ ते ३ टक्क्यांनी वाढलेला आढळला. जे शेतकरी केंद्रावर गेलेच नाहीत त्यांच्याही मालाचा, कारण मंडईतल्या व्यापाऱ्याला आता स्पर्धा होती.

तोलाई

मग आपल्या अभ्यासात उचल घेतलेले आणि न घेतलेले शेतकरी वेगळे मांडायलाच हवेत. ज्याने हंगामाआधी अडत्याकडून पैसे उचललेत त्याची थप्पी सांगली-निपाणीला जाऊच शकत नाही. त्याच्यासाठी सांगलीचा भाव म्हणजे नुसती बातमी. उचलीचा प्रश्न मात्र अडत्यासमोर विचारू नका, खरं उत्तर येणार नाही. आणि 'उचल आहे का' एवढंच विचारा, रक्कम विचारली की माणूस उठून जातो.

कसबा बावडा

शेतकऱ्याने 'एवढ्याखाली देणार नाही' हा आकडा कुठे धरावा, यावर कुणी लिहील का? बहुतेकजण उसाचा खर्च धरतात. ऊस ३,४०० रुपये टन धरला आणि ११ टक्के उतारा मिळाला तर क्विंटल गुळात ३,०९१ रुपयांचा ऊस गेला. त्यावर जळण, मजुरी वगैरे समजा ६००. म्हणजे ३,६९१ च्या खाली द्यायचं नाही, असं.

आकडेमोड

हा हिशोब ऊस तोडायच्या *आधीचा*. कारखान्याला घालू की गुऱ्हाळाला, हे ठरवायला अगदी योग्य. रवा थप्पीला लागला की उसाचा पैसा बुडालेला खर्च आहे, तो निर्णयात धरायचा नसतो. यार्डात उभं असताना प्रश्न एकच: आज नाही दिला तर पुढे हातात काय पडेल? उद्याचा किंवा दुसऱ्या बाजारचा अपेक्षित भाव, त्यातून पुन्हा हमाली, गाडीभाडं, वजनातली घट आणि अडकलेल्या पैशाचं व्याज वजा करा. समजा ते ३,४०० येतं.

पण किमान भाव ३,४०० लावायचा असंही नाही. लिलावांचा अभ्यास करणारे अर्थतज्ज्ञ रॉजर मायरसन यांच्या १९८१ च्या निकालानुसार तो त्याच्या वर धरावा. खरेदीदार ३,६०० ते ४,२०० च्या दरम्यान कुठेही देऊ शकतात असं समजलं तर किमान भाव = (४,२०० + ३,४००) ÷ २ = ३,८००. गंमत म्हणजे खरेदीदार किती आहेत यावर हा आकडा बदलत नाही. बदलतो तो माल पडून राहण्याचा धोका. तीन खरेदीदारांत तिघेही ३,८०० च्या खाली असण्याची शक्यता २७ त १, दोनच असतील तर ९ त १.

दोन सावधगिरी. हे सूत्र प्रत्येक खरेदीदाराची किंमत स्वतंत्र असते असं धरून आहे, आणि वर पंचगंगातीर यांनी लिहिल्याप्रमाणे गुळात ती पुरती स्वतंत्र नसते. शिवाय काल न विकलेली थप्पी आज पुन्हा मांडली की 'हिच्यात काहीतरी खोट असणार' असं खरेदीदार धरतात. म्हणून नाकारलेल्या लॉटचं पुढे काय झालं, ही नोंद ठेवायलाच हवी. ती न ठेवता फक्त विकलेल्या लॉटची सरासरी काढलीत तर किमान भाव लावणारे शेतकरी नेहमीच हुशार दिसतील.

राजारामपुरी ९वी गल्ली

खरेदीदारांनी आपसात ठरवलंय का, तेही या आकड्यांतून दिसेल ना?

आकडेमोड

इशारा दिसेल, पुरावा नाही. रॉबर्ट पोर्टर आणि डग्लस झोना यांनी १९९३ साली न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडमधल्या रस्त्यांच्या निविदा तपासल्या. साट्यात (आपसातल्या संगनमतात) नसलेल्यांच्या हरलेल्या बोली त्यांच्या खर्चाप्रमाणे वरखाली होत होत्या, साट्यातल्यांच्या हरलेल्या बोलींचा खर्चाशी मेळच नव्हता. ते शोधायला *हरलेल्या* बोलींची नोंद लागते, तोंडी सौद्यात ती कुणी ठेवत नाही. तुम्ही ठेवा: शेवटच्या दोघांचे आकडे आणि कोण कुठल्या आकड्याला थांबला. नावांच्या जागी सांकेतिक क्रमांक लिहा आणि नावांची यादी वेगळ्या वहीत, कुलुपात.

मागवाला

इचलकरंजीकडून एक मुद्दा. योजना कितीही चांगली असली तरी ज्याच्या हातून ती व्हायची त्याचं काय नुकसान होतं, ते आधी बघा. सियालकोटच्या फुटबॉल कारखान्यांत डेव्हिड ॲटकिन आणि सहकाऱ्यांनी रेक्झिन कमी वाया जाईल असा नवा साचा फुकट वाटला. १५ महिन्यांनंतरही तो फार थोड्यांनी वापरला. कापणाऱ्याला मजुरी नगावर, नव्या साच्याने सुरुवातीला हात मंदावतो, वाचलेल्या रेक्झिनचा पैसा मात्र मालकाचा. कारागीर म्हणाला, साचा चालत नाही. मग काही कारखान्यांत, साचा नीट वापरून दाखवला तर कारागिराला सुमारे महिन्याच्या कमाईएवढी रक्कम एकदाच देऊ केली, आणि तिथे वापर वाढला. (२०१७ चा अभ्यास.)

आमच्याकडे यंत्रमागावर मजुरी 'पिक'वर (कापडातल्या आडव्या धाग्यांवर) आणि मीटरवर. कापडाचे दोष लिहायला लावले की माग थांबतो आणि विणकराचा मीटर बुडतो, म्हणून वह्या कोऱ्या राहतात. तुमच्या यार्डात हमालाची मजुरी नगावर आहे. मधले रवे उपसून नमुना काढायला त्याची जी दहा मिनिटं जातील त्याचे पैसे वेगळे ठेवा. नाहीतर दुसऱ्या आठवड्यापासून नमुने वरच्याच रव्याचे येतील आणि तुम्हाला कळणारही नाही.

काहिलकाठ

मागवाले, हे आमच्या खर्चाच्या कागदात नव्हतंच. नमुन्यामागे हमालाला स्वतंत्र रक्कम धरली.

भवानी मंडप

चप्पल लाईनमधल्या (कोल्हापुरी चपलांच्या बाजारातल्या) घासाघिशीवरही असं काही करता येईल का? पहिला सांगितलेला भाव गिऱ्हाइकाला किती ओढतो, ते बघायचंय.

पंचगंगातीर

येईल, पण त्याचा वेगळा धागा काढा. दिशा म्हणून लिमाच्या टॅक्सींवरचा २०१३ चा प्रयोग बघा: स्त्री-पुरुषांना एकच ठरीव संवाद पाठ करून घासाघीस करायला लावली होती. ठरीव संवाद नसेल तर प्रत्येकजण आपल्या स्वभावाने घासाघीस करतो आणि मग आपण स्वभाव मोजतो, भाव नाही.

काहिलकाठ

सगळ्यांचे आभार. सुधारलेली आखणी अशी: प्रत्येक लॉटचा ओलावा मोजायचा, गंधकाचा गुऱ्हाळवार निकाल जोडायचा. मग चिठ्ठीने त्याच दिवशी अर्ध्या थप्प्यांवर हे आकडे पाटीवर लावायचे, उरलेल्या अर्ध्यांवर नाही. सौदा नेहमीसारखा खुला. क्रमही चिठ्ठीने. नोंदीत चिठ्ठीतला क्रम, प्रत्यक्ष क्रम, उभे खरेदीदार, शेवटच्या दोघांचे आकडे, विकला की नाकारला, नाकारला तर पुढे काय झालं. उचल हो किंवा नाही, घरी जाऊन विचारायची.

गुऱ्हाळघर

एक भोक राहिलंय. अर्ध्यांना पाटी आणि अर्ध्यांना नाही असं केलंत तर खरेदीदार समजेल की पाटी नसलेला माल नापास झालाय. त्यांचा भाव पडेल आणि फरक उगाच मोठा दिसेल. चिठ्ठी सगळ्यांसमोर, खरेदीदारांच्याच हाताने काढून घ्या. आणि दर आठवड्याचा एक दिवस असा ठेवा की कुठल्याच थप्पीला पाटी नाही.

आकडेमोड

बरोबर. तो दिवसही चिठ्ठीनेच ठरवा. दर वेळी एकच वार धरलात तर त्या वाराची आवक त्यात मिसळेल. आणि ओलाव्याचं यंत्र रोज सकाळी एकाच ठेवलेल्या नमुन्यावर तपासून त्याचा आकडा पहिल्या ओळीत लिहा.